परदेशी गिऱ्हाईक ग्रुपमध्ये सापडतं का?

मुंबईत छोटा कारखाना चालवणाऱ्या कुणाचाही फोन बघा, 'एक्स्पोर्ट' नावाचे चार-पाच ग्रुप हमखास निघतील. सकाळी उघडावं तर शुभ सकाळचं फूल, त्याखाली कांद्याच्या पावडरीचं पत्रक, त्याखाली कुणाचं तरी 'अर्जंट बायर पाहिजे', आणि त्याखाली परत फूल. सगळे विकायला बसलेले, घ्यायला कुणीच नाही. महिनाभर हे बघितलं की माणूस ठरवून टाकतो, ऑनलाइन ओळखीतून परदेशी धंदा वगैरे सगळ्या बाता आहेत.

धंदा होतो, अगदी व्यवस्थित होतो. मात्र ग्रुपमध्ये माल विकला जात नाही. तिथून हाती लागते ती एकच गोष्ट: सातासमुद्रापलीकडच्या कुणाला तरी तुमच्याबद्दल दोन शब्द सांगेल असा माणूस. नमुना, भाव, कागदपत्रं, पैसे हे बाकीचं सगळं ग्रुपच्या बाहेर आणि जुन्याच रीतीनं होतं.

हे असं का, ते कळायला खरेदीदाराच्या जागी बसून बघावं लागतं. समजा, नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात एक बाई फॅशन दागिन्यांचं दुकान चालवतात. त्यांना विक्रेत्यांची वाण नाही. इंटरनेटवर शोधलं तर हजारो सापडतात, आणि प्रत्येक जण 'आघाडीचा उत्पादक'. त्यांची धास्ती निराळी आहे. नमुना एक आणि माल दुसराच आला तर? आगाऊ पैसे घेऊन माणूस गायब झाला तर? झुमका घालून गिऱ्हाइकाचा कान सुजला तर? वेबसाइटवर काय वाटेल ते लिहिता येतं. 'या माणसाशी मी व्यवहार केलाय, चोख आहे' हे मात्र त्यांच्या ओळखीच्या कुणाला तरी सांगावं लागतं. जुन्या मुंबईतल्या पेढीवर नवा माणूस आला की पहिला प्रश्न असायचा, 'कुणाकडून आलात?' तो प्रश्न अजून तसाच आहे, फक्त आता तो लिंक्डइनवर 'म्युच्युअल कनेक्शन', म्हणजे दोघांच्याही ओळखीचा माणूस, बघून मनातल्या मनात विचारला जातो.

यामागे समाजशास्त्रातला एक प्रसिद्ध विचार आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. नवी माहिती आणि नव्या संधी जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण सोपं आहे. तुमचे जवळचे लोक ज्यांना ओळखतात त्यांना तुम्हीही ओळखता. दूरचा ओळखीचा माणूस मात्र दुसऱ्याच वर्तुळात वावरत असतो आणि तिकडच्या खबरा त्याच्याकडे असतात. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त सदस्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात निघालेली गोष्ट आणखी कामाची आहे. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी: फार घट्ट नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत, दोघांच्या ओळखीची काही माणसं समान आहेत अशा. अभ्यास नोकऱ्यांचा होता, निर्यातीचा नव्हता. पण कुणाही अनोळखी माणसाला पाचशे रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना काही मिळत का नाही, याचं उत्तर त्यात आहे. मधे कुणी नसेल तर ओळख म्हणजे नुसता आकडा.

आता ग्रुप कोणते. याबाबत माझी मतं जरा पक्की आहेत.

पहिला प्रकार ठरावीक सभासदांच्या, शिस्तीनं भेटणाऱ्या मंडळींचा. आयव्हन मायस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेलं बीएनआय हे त्यातलं बडं नाव. एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सभासद, दर आठवड्याला सभा, आणि एकमेकांना काम मिळवून द्यायचं. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी सुरू केलेला मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे, तुकोबांच्या ओळीला धंद्याची जोड देऊन 'एकमेकां साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत' म्हणणारा. लॉकडाउनमध्ये अशा सभा झूमवर गेल्या आणि ठाण्यात बसून दुसऱ्या देशातल्या लोकांच्या बैठकीत पाहुणा म्हणून डोकावणं सोपं झालं. छापखाना, हिशेब, विमा, वेबसाइट अशा सेवा देणाऱ्यांना याचा फायदा लवकर होतो. माल विकणाऱ्याला जास्त वाट बघावी लागते.

दुसरा प्रकार परदेशातल्या आपल्या लोकांचा. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, आणि दुबईपासून सिंगापूरपर्यंत गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांचे आपापले ग्रुप आहेत. इथं बहुतेक जण एक घोडचूक करतात: थेट 'घरगुती फराळ पाठवतो, ऑर्डर द्या' म्हणून सुरू होतात. दिवाळीत दोन-चार पार्सलं जातील, धंदा उभा राहणार नाही. न्यू जर्सीतला मराठी माणूस तुमचा घाऊक खरेदीदार नाही. पण त्याच्या भागातल्या इंडियन ग्रोसरीत माल कोणता वितरक टाकतो, कोकम आगळ कोणत्या कपाटात ठेवतात, बाटली काचेची चालते की प्लॅस्टिकची, हे त्याला माहीत असतं आणि विचारलं तर तो हौसेनं सांगतो. ही माहिती बाजारात विकत मिळत नाही.

तिसरा प्रकार एकाच विषयाचे ग्रुप: दागिन्यांच्या प्लेटिंगचे, मसाल्यांच्या चाचण्यांचे, व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांचे. सदस्य थोडे, गप्पा रूक्ष, आणि खरं सोनं इथंच.

चौथ्यापासून लांब राहा. ब्राझीलची 'आयकम्सा ४५' साखर बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त, रॉटरडॅमच्या टाकीतलं डिझेल, 'एलओआय (खरेदीचं इरादापत्र) पाठवा, एसबीएलसी (बँकेची हमी) तयार ठेवा' असली भाषा जिथं दिसेल तो ग्रुप सोडावा. आयकम्सा ४५ ही साखरेच्या शुभ्रतेची खरीखुरी प्रत आहे, पण या ग्रुपांमध्ये साखर कुणाकडेच नसते. दलालाचा दलाल दुसऱ्या दलालाशी बोलत असतो आणि कमिशनचे करार मालाच्या आधी तयार होतात. शेवटी कुणाकडून तरी 'प्रोसेसिंग फी' काढली जाते, आणि खेळ संपतो.

आता तिसऱ्या प्रकारात काम कसं होतं ते जवळून बघू.

समजा, मालाडमध्ये इमिटेशन दागिने बनवणारा एक तरुण आहे. ठुशी, बोरमाळ, झुमके. तो युरोपातल्या छोट्या दागिने-दुकानदारांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. कॅटलॉग टाकायचा मोह होतो, पण तिथं आधीच रोज कॅटलॉग पडतायत. एक दिवस कुणीतरी विचारतं, 'सोन्याचं पॉलिश असलेल्या दागिन्यानं माझ्या गिऱ्हाइकाला पुरळ आलं, पुरवठादार म्हणतो निकेल नाही, मग हे काय?'

हा प्रश्न म्हणजे चालून आलेली संधी. प्लेटिंग करणाऱ्याला माहीत असतं की चमक यावी म्हणून सोन्याच्या पॉलिशखाली बऱ्याचदा निकेलचा थर देतात. वरचं सोनं झिजलं की खालचं निकेल घामात उतरतं. युरोपीय संघाचा नियम 'निकेल आहे की नाही' असं विचारत नाही, किती सुटतं ते मोजतो. त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागासाठी ही मर्यादा ०.२ आहे. चाचणीत दागिना कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवतात. कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या आत आणि शिसं ०.०५ टक्क्याच्या आत लागतं. निकेलऐवजी व्हाइट ब्राँझचा थर देता येतो, खर्च थोडा वाढतो.

मालाडचा तरुण एवढंच ग्रुपमध्ये लिहितो, साध्या भाषेत, आणि शेवटी म्हणतो: 'पुरवठादाराकडे निकेल-रिलीजचा रिपोर्ट मागा. रिपोर्टवर तुमच्याच डिझाइनचा फोटो आणि तारीख आहे का बघा.' आपल्या कारखान्याचं नाव नाही, किंमत नाही, फोन नंबर नाही. पंधरा-वीस लोक ते वाचतात, दोघं-तिघं आभार मानतात. काही आठवड्यांनी युट्रेख्टच्या बाई दुसरंच काहीतरी विचारायला त्याला खासगी मेसेज करतात.

धीर सुटतो तो नेमका या मधल्या काळात, कारण काही घडतंय असं दिसत नाही. पण न लिहिणारे वाचत असतात, आणि ग्रुपमध्ये खरे खरेदीदार बहुधा न लिहिणाऱ्यांतच असतात. मालाची जाहिरात रोज करणाऱ्याला ते म्यूट करतात. कामाचं बोलणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

आपल्याला पहिला मेसेज करायची वेळ आली तर? 'डिअर सर, वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड एक्स्पोर्टर' इथं वाचणारा थांबतो. त्याऐवजी पाच ओळी पुरतात: आपली ओळख कुठून, त्यांचं काय वाचलं किंवा पाहिलं, आपण नेमकं काय बनवतो, एक नेमका प्रश्न, आणि 'सोयीचं नसेल तर हरकत नाही'. सोबत पीडीएफ नको. मधला ओळखीचा माणूस असेल तर आधी त्याला विचारून त्याचं नाव घ्यावं. न विचारता घेतलं तर दोन्हीकडची ओळख जाते.

आणि ग्रुपमधले ईमेल पत्ते गोळा करून घाऊक पत्रं पाठवणं हा तर मोठा धोका आहे. जर्मनीत व्यवसायाच्या पत्त्यावरसुद्धा आधी संमती नसताना जाहिरातीचा ईमेल पाठवणं कायद्यात बसत नाही. माणसांच्या माहितीचा वापर कसा करावा यासाठी युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. मुंबईतल्या माणसाला जर्मन नोटीस येईल की नाही ते सोडा, पण तिथला खरेदीदार तुम्हाला कायमचा ब्लॉक करतो, ते जास्त नुकसानीचं.

वेळेचंही भान लागतं. नेदरलँड्स हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, आणि त्या आठवड्यात ठरलेल्या मीटिंगा दरवर्षी फसतात. दुबई फक्त दीड तास मागे, पण तिथली गंमत वेगळी. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी आली आणि शुक्रवार अर्धा दिवस झाला. शेजारच्या सौदीत मात्र अजून शुक्रवार-शनिवारच. 'आखाती देश' असं एकच खातं मनात ठेवणाऱ्याचा गुरुवारचा मेसेज रियाधला थेट रविवारी वाचला जातो. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाहीत. 'फोन उचलत नाही, रागावला वाटतं' असा समज करून घेण्याआधी हे आठवा.

बोलण्याच्या रीतीबद्दल पुस्तकी नियम फार सांगितले जातात, मी एकच सांगेन. आपल्याकडे 'बघतो, होऊन जाईल' म्हणजे नक्की काय ते ऐकणाऱ्याला कळतं. डच खरेदीदाराला ते 'हो' वाटतं. तारीख पाळता येणार नसेल तर त्याला आजच 'नाही, २० तारखेला देऊ शकतो' असं कळवलेलं चालतं. १५ तारखेला कारण सांगितलेलं चालत नाही.

बोलणी पुढे सरकली की चौकशी. स्थळ ओळखीतून आलं तरी मुलाकडची चौकशी आपण करतोच, तसंच हे. ग्रुपमध्ये गोड बोलणारा माणूस आणि त्याची कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या कंपनीची नोंद, संचालक आणि जमाखर्चाची पत्रकं 'कंपनीज हाउस'च्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. डच कंपनीचा चेंबर ऑफ कॉमर्सचा, म्हणजे केव्हीके नोंदणी क्रमांक मागावा, खरा व्यापारी तो लगेच देतो. युरोपीय संघातला व्हॅट क्रमांक खरा आहे का, ते 'व्हीआयईएस' या सरकारी यंत्रणेत मिनिटभरात कळतं. मोठी ऑर्डर उधारीवर जाणार असेल तर निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी ईसीजीसी आहे. १९५७ साली सुरू झालेली ही सरकारी कंपनी मुंबईतच आहे. परदेशी खरेदीदाराची पत तपासून ती विम्याची मर्यादा ठरवते. तिनं एखाद्या खरेदीदाराला मर्यादा नाकारली, तर तेवढ्यावरूनच काय ते समजावं.

खरेदीदारही तुम्हाला तपासतो. आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, डीजीएफटी या केंद्र सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. जीएसटी क्रमांकावरून पत्ता निघतो. लिंक्डइनवर 'ग्लोबल ग्रुप ऑफ कंपनीज' आणि जीएसटीवर चाळीतली खोली, असं दिसलं की शंका येते. चाळीतली खोली असल्यानं काही बिघडत नाही, मोठेपणा मिरवल्यानं बिघडतं.

पैशांची सुरुवात लहान ठेवावी. नमुन्याचे पैसे घ्यावेत, कुरियरसकट. जो नमुन्याला पैसे देत नाही तो मालाला देईल याची खात्री काय? पहिल्या ऑर्डरला काही रक्कम आगाऊ आणि उरलेली माल निघाल्याच्या कागदांची प्रत बघून, ही पद्धत दोघांनाही झेपते. रक्कम मोठी असेल तर लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी. त्यात बँक कागद तपासून पैसे देते, माल तपासत नाही, आणि कागदात एक अक्षर चुकलं तरी अडवते, म्हणून एलसीचा मसुदा आपल्या बँकेत आधी दाखवावा. भाव सांगताना तो कुठवरचा तेही सांगायला हवं. न्हावा शेवात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव आणि युट्रेख्टच्या दुकानाच्या दारापर्यंतचा भाव यांच्या फरकात भाडं, विमा, आयात शुल्क सगळं येतं. नव्या माणसाचा नफा बहुतेक वेळा इथंच जातो.

यातलं सर्वांत घातक संकट मात्र ओळख पक्की झाल्यावर येतं. दोन-तीन ऑर्डरी सुरळीत झालेल्या असतात. कुणीतरी एका बाजूचा ईमेल हॅक करून शांतपणे पत्रव्यवहार वाचत बसलेला असतो. बिल पाठवायच्या सुमारास खरेदीदाराला तुमच्याच भाषेत पत्र जातं: 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे या खात्यावर पैसे पाठवा.' पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे असतं. पैसे जातात, तुम्हाला मिळत नाहीत, आणि दोघं एकमेकांना चोर समजू लागतात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एकाच वर्षात अशा प्रकारांतल्या सुमारे २.९ अब्ज डॉलरच्या नुकसानीच्या तक्रारी आल्या. उपाय बिनखर्चाचा आहे. पहिल्याच बिलावर ठळक लिहा: 'आमचं खातं ईमेलवरून कधीही बदलणार नाही, शंका आल्यास व्हिडिओ कॉल करा.' आणि कॉल जुन्या, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवरच. आपलीच फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि बँकेला कळवावं. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

एक विषय मराठी माणूस संकोचानं टाळतो: ओळख करून देणाऱ्याचं काय? युट्रेख्टच्या बाईंनी त्यांच्या अँटवर्पच्या मैत्रिणीला तुमचं नाव सुचवलं, तर ऑर्डर मिळो वा न मिळो, त्यांना कळवा. बरेच जण काम झाल्यावर कळवायचं विसरतात, आणि पुढची ओळख तिथंच अडते. मधल्या माणसाला कमिशन हवं असेल तर ते ऑर्डरीच्या आधी, टक्क्यांसकट, ईमेलवर ठरवावं: पहिल्या ऑर्डरीपुरतं की पुढच्याही, आणि रक्कम बुडाली तर द्यायचं की नाही. निर्यातीवरचं एजंटचं कमिशन शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टमला द्यायच्या कागदात, दाखवून बँकेमार्फत रीतसर पाठवता येतं. त्यामुळे 'दुबईतल्या भाच्याच्या खात्यात टाका' अशी सूचना आली, तर नम्रपणे नकार देऊन कमिशनचा करार आणि बिल मागावं.